वेल्श पूर्वजांचा शोध: आडनाव सोडा, घराचं नाव धरा

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त छापलेला आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या नामावळीत माझ्या आजेसासऱ्यांची मोडी सही मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे नातू झाला आणि वंशावळीत त्याचं नाव लिहायला बसले, तेव्हा कागदाची उजवी बाजू कोरी राहिलेली डोळ्यांना खुपली. सूनबाई वेल्श आहे. तिचं आजोळ पश्चिम वेल्समध्ये, टायवी नदीच्या खोऱ्यात. त्या पोराला आईकडूनही खापरपणजोबा आहेतच की! ती बाजू भरायला घेतली, त्याला आता तीन वर्षं झाली. त्यात जे हाती आलं ते क्रमाने सांगते. तुमच्यापैकी कुणाची सून, जावई किंवा स्वतःची आजी वेल्श असेल, तर पहिल्या वर्षात मी घेतलेले हेलपाटे तुम्हाला पडू नयेत.

आधी घरातले कागद

संगणक उघडण्याआधी म्हाताऱ्या माणसांशी बोला. जुन्या वेल्श घरात बहुधा एक जाडजूड बायबल असतं आणि त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर पिढ्यान्‌पिढ्यांचे जन्म-मृत्यू टिपलेले असतात. आमच्या विहीणबाईंनी ते माळ्यावरून काढून दिलं. शिवाय अंत्यविधीची छापील कार्डं, कबरींचे फोटो, जुनी पत्रं. प्रत्येक ठिकाणी माणसाच्या नावासोबत घराचं किंवा शेतवाडीचं नाव दिसतंय का ते पाहा आणि वेगळं लिहून ठेवा. पुढे सगळा खेळ त्यावरच चालतो.

१८३७ पर्यंत मागे जा, मग वह्यांकडे वळा

इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधी नोंदी व्हायच्या त्या चर्चच्या वहीत. बाप्तिस्मा, लग्न, दफन, एवढ्याच तीन गोष्टी. या वह्या म्हणजेच पॅरिश रजिस्टर. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीत येणारा गाव आणि आसपासच्या वाड्या.

थेट वहीत उडी मारू नका. आजपासून एकेक पायरी मागे चला. सरकारी नोंदणी कार्यालयाची सूची घरबसल्या फुकट पाहता येते आणि तिच्यात १८३७ पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव दिलेलं आहे. जिथे अर्धं गाव जोन्स, तिथे हे माहेरचं नाव फार उपयोगी पडतं. (आईही माहेरची जोन्सच निघाली तर मात्र धीर धरावा लागतो.) १८३७ नंतरच्या लग्नाच्या नोंदीत वर-वधू दोघांच्याही वडिलांचं नाव आणि व्यवसाय असतो. चर्चमध्ये लागलेलं लग्न असेल तर हाच मजकूर चर्चच्या वहीतही असतो. वहीचं पान पाहायला मिळालं, तर दाखल्याचे पैसे वाचतात.

मग जनगणना. १८४१ पासून दर दहा वर्षांची, १९२१ पर्यंतची खुली आहे. १८४१ च्या जनगणनेवर फार विसंबू नका. मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलेली आहेत आणि जन्मस्थळाच्या जागी फक्त ‘याच परगण्यात की बाहेर’ एवढंच आहे. १८५१ ची मात्र सोन्यासारखी, कारण तिच्यात जन्माचं पॅरिश लिहिलेलं आहे. कोळशाच्या खाणींमुळे पश्चिमेकडची माणसं ऱ्होंडासारख्या खोऱ्यांत लोटली. खाणीच्या गावात सापडलेल्या माणसाचं मूळ गाव सांगणारी ही एकच ओळ असते. तुमचा पूर्वज १८५१ ला हयात असेल तर त्याला त्या जनगणनेत शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नावांचं गणित मराठी माणसाला लवकर कळतं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो आणि आपल्याला सगळ्यात जास्त फायदाही इथेच होतो. आपण स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लावतो. वेल्श लोकही तेच करायचे, फक्त त्यापुढे आडनावच नसायचं. दाव्हिद आप ऱ्हीस आप हवेल, म्हणजे हवेलच्या ऱ्हीसचा दाव्हिद. ‘आप’ म्हणजे मुलगा. मुलीसाठी ‘वेर्ख’, जुन्या वह्यांत त्याचं आखूड रूप दिसतं.

नंतर इंग्रजी पद्धतीची आडनावं आली तेव्हा हा ‘आप’ पुढच्या नावात विरघळला. आप ऱ्हीसचा प्राइस झाला, आप हवेलचा पॉवेल, आप रिचर्डचा प्रिचर्ड, आप हॅरीचा पॅरी. स्वरापुढे ‘आब’ असायचं, म्हणून आब ओवेनचा बोवेन आणि आब इव्हानचा बेव्हन. उरलेल्यांनी बापाच्या नावाला इंग्रजी ‘स’ जोडला: जॉनचा तो जोन्स, दाव्हिदचा डेव्हिस, इव्हानचा इव्हान्स. मूठभर बापनावांतून सगळ्या देशाची आडनावं निघाली, म्हणून वेल्समध्ये तीच ती आडनावं पुन्हा पुन्हा भेटतात.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. जमीनदार घराण्यांनी सोळाव्या शतकातच आडनाव पक्कं केलं, पण पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या डोंगराळ भागातल्या साध्या माणसांत बापाचं नाव लावायची रीत अठराव्या शतकभर आणि काही घरांत एकोणिसाव्यातही चालली. म्हणजे वहीत ‘इव्हान, डेव्हिड जॉनचा मुलगा’ असं असेल, तर हा इव्हान मोठेपणी इव्हान जॉन म्हणून सापडेल, इव्हान जोन्स म्हणून सापडेल, नाहीतर इव्हान डेव्हिड किंवा इव्हान डेव्हिस म्हणूनही. सख्खे भाऊ दोन वेगळी आडनावं लावतात. एकाच आडनावावर शोध घेणाऱ्याला अर्धं कुटुंब दिसतच नाही.

आणखी दोन गोष्टी. लग्न झालेल्या बाईचं दफन माहेरच्या नावाने नोंदलेलं पुष्कळदा आढळतं, कबरीच्या दगडावरही तेच. ‘नवऱ्याच्या आडनावाने बाई सापडत नाही’ म्हणून थांबू नका. दुसरं म्हणजे, वह्या लिहिणारा पाद्री इंग्रजीत लिहायचा. घरात शान म्हणत असतील तिला तो जेन लिहिणार, लाउरीला लॉरा, शॉनला जॉन. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची चाल बऱ्याच घरांत होती. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव यायचंच. तिचा आधार घ्या, पण तोच पुरावा समजू नका.

म्हणून माझा पहिला नियम: आडनावाच्या मागे लागू नका, घराचं नाव धरा. गावातही माणूस ओळखला जायचा तो घराच्या नावाने, व्यवसायाने. ‘अमुक वाडीचा दाव्हिद’ म्हटलं की पाच दाव्हिदांतला एकच उरतो.

पॅरिश नेमकं ठरवा

वेल्श गावांच्या नावात ‘लान’ फार. लान म्हणजे चर्चभोवतीची जागा, त्यापुढे संताचं नाव. लानडायलो हे संत टायलोचं, लानवायर मेरीचं, लानबेदर पीटरचं, लानविहांगेल देवदूत मायकेलचं. टायलोचा डायलो का झाला? कारण वेल्श शब्द सुरुवातीला बदलतो. आपण ‘घोडा’चं ‘घोड्याला’ करतो तेव्हा शब्दाचा शेवट बदलतो, ते आरंभ बदलतात. शेतवाडीच्या नावांचंही असंच होतं, त्यामुळे पहिलं अक्षर वेगळं दिसलं तरी घर तेच असू शकतं.

वेल्श ‘लान’ रोमन लिपीत दोन एलनी लिहितात. त्याचा उच्चार ‘ल’ची जीभ ठेवून नुसती हवा सोडल्यासारखा, देवनागरीत तो उतरत नाही. एक एफ म्हणजे ‘व’, दोन एफ म्हणजे ‘फ’, डब्ल्यू बहुतेक ठिकाणी ‘उ’. एवढं लक्षात ठेवलं तरी कानावर विसंबून लिहिणाऱ्या पाद्र्याने एकाच वाडीचं नाव तीन तऱ्हांनी का लिहिलं ते कळतं.

लानविहांगेल नावाची गावं वेल्समध्ये ठिकठिकाणी आहेत. म्हणून पॅरिशसोबत जुना परगणा लिहाच. परगणेही जुने तेरा धरायचे: अँग्लसी, कारनारव्हन, डेन्बी, फ्लिंट, मेरिओनेथ, मॉन्टगोमरी, कार्डिगन, रॅडनर, ब्रेकनॉक, पेम्ब्रोक, कारमार्थन, ग्लॅमॉर्गन आणि मॉन्मथ. १९७४ आणि १९९६ मध्ये हद्दी बदलल्या, पण कागद जुन्याच नावांनी बोलतात.

आमच्या शोधात टायवी नदीने हद्द आखली होती. उत्तर काठावर लान्दसिल पॅरिश, ते कार्डिगनशरमध्ये. दक्षिण काठावर लानगेलर, ते कारमार्थनशरमध्ये. नदीवर पूल आहे, बाजार एक, लग्नं एकमेकांत, पण कागद दोन वेगळ्या परगण्यांच्या दप्तरखान्यांत. एका पॅरिशमध्ये माणूस सापडला नाही तर नकाशा उघडा आणि त्याला लागून असलेली सगळी पॅरिश पाहा, परगणा बदलत असला तरी.

कोणत्या वर्षाच्या वहीत काय मिळतं

राजा आठव्या हेन्रीच्या काळी, १५३८ मध्ये, थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला वही ठेवायचा हुकूम दिला. वेल्समध्ये इतक्या जुन्या वह्या फारच थोड्या उरल्यात. फ्लिंटशरमधलं ग्वायनिस्गोर हे त्यातलं एक भाग्यवान गाव. बहुतेक पॅरिशमध्ये १६६० च्या आधीचं हाती लागलं तर नशीब. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या काळात, म्हणजे १६४२ ते १६६० च्या दरम्यान, वह्यांत खिंडारं आहेत.

१७३३ पर्यंत लॅटिन चालायचं. तेव्हाचा मजकूर एका ओळीचा: अमक्याचा मुलगा तमुक, बाप्तिस्मा, तारीख. ‘फिलियस’ मुलगा, ‘फिलिया’ मुलगी, ‘उक्सोर’ बायको, ‘विदुआ’ विधवा (हा शब्द आपल्याला शिकवावा लागत नाही), ‘सेपुल्टुस’ म्हणजे पुरला. जॅकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम. वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं.

तारखांचं एक पक्कं ध्यानात ठेवा. १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं. वहीत १० फेब्रुवारी १७२० असेल तर आपल्या हिशेबाने ते १७२१. टिपण करताना १७२०/२१ असं लिहा. नाहीतर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि विनाकारण शंका येते.

२५ मार्च १७५४ पासून लग्नासाठी छापील नमुन्याच्या वह्या आल्या. वर-वधूचं पॅरिश, लग्न तीन रविवारच्या घोषणेने झालं की परवान्याने, दोन साक्षीदार आणि सह्या. सही येत नसेल तर फुली. साक्षीदारांची नावं कधीही वगळू नका. बहुतेकदा ते भाऊ, मेहुणे निघतात, आणि आडनावांच्या गर्दीत कोणतं कुटुंब आपलं ते साक्षीदारच सांगतात.

१७८३ ते १७९४ या वर्षांत प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता आणि गरिबांना माफ होता. त्या काळात नावापुढे ‘पॉपर’ म्हणजे ‘निर्धन’ असा शेरा दिसला, तर त्यात माफीचाही भाग असतो हे लक्षात घ्या.

आणि मग १८१३. १ जानेवारीपासून बाप्तिस्म्यासाठी आणि दफनासाठी वेगळ्या छापील वह्या. बाप्तिस्म्याच्या पानावर आठ नोंदींसाठी घरं आखलेली आणि प्रत्येक नोंदीत तारीख, बाळाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा व्यवसाय, पाद्र्याची सही. राहण्याचं ठिकाण! लान्दसिलच्या पानावर पहिल्यांदा वाडीचं नाव आणि त्यापुढे ‘वीव्हर’, विणकर, असं वाचलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून सूनबाईला हाक मारली. टायवीच्या खोऱ्यात लोकरीचा धंदा मोठा होता. खाणकामगारांच्या फ्लॅनेलच्या शर्टांचं कापड इथूनच दक्षिणेच्या खोऱ्यांत जायचं. १८१३ पासूनच्या दफनाच्या वहीत वयही असतं, पण कोणाचा कोण ते नसतं.

वह्या पाहायच्या कुठे

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर खातं फुकट आणि वेल्श वह्यांची मोठी सूची तिथे आहे. फ्रीरेग हे स्वयंसेवकांनी उतरवलेलं, तेही फुकट. वहीच्या मूळ पानांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर आहेत. त्याला वर्गणी पडते, पण वेल्समधल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत अशी वर्गणीची संकेतस्थळं विनामूल्य वापरता येतात. तिथे असाल तर आधी ग्रंथालयात विचारा.

सूचीवर थांबू नका. सूची उतरवणारा वेल्श जाणणारा असेलच असं नाही, आणि शेजारच्या रकान्यातली वाडी, व्यवसाय, समासातला शेरा सूचीत येत नाही. मूळ पान पाहाच.

पॅरिशच्या वहीची वार्षिक नक्कल बिशपकडे पाठवायची रीत होती. या नकला ॲबरिस्टविथच्या वेल्स राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. मूळ वहीचं पान भिजलं, फाटलं, हरवलं तर नक्कल कामी येते, आणि कधी कधी दोन्हीत फरकही सापडतो. हे ग्रंथालय गावाच्या वर टेकडीवर आहे, समोर कार्डिगनचा उपसागर. वाचकाचं ओळखपत्र विनाशुल्क मिळतं. जाताना पेन्सिल न्या आणि मनात फक्त एक प्रश्न ठेवा. पाच प्रश्न घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने परततो. परगण्यांचे दप्तरखाने वेगळे आहेत. शिवाय डाव्हेद, ग्लॅमॉर्गन, ग्विनेथ, क्लुइड अशा भागांच्या कुलेतिहास मंडळांनी कबरींवरचे लेख उतरवून ठेवलेत, तेही विसरू नका.

अक्षर लागत नसेल तर मोडी शिकताना करतो तेच करा. त्याच हाताने लिहिलेली माहितीतली नावं आधी शोधायची, त्यांतून अक्षरवळण ओळखायचं, मग अडलेल्या शब्दाकडे यायचं.

दफनाची वही शेवटी नाही, मध्येच पाहा

१८५१ च्या जनगणनेत आमचा माणूस ३२ वर्षांचा विणकर, जन्म लान्दसिल. म्हणजे साल साधारण १८१८-१९. लान्दसिलच्या वहीत मार्च १८१८ चा एक बाप्तिस्मा नावाला, बापाच्या व्यवसायाला, सगळ्याला जुळला. मी तोच धरला. सहा महिने त्याच्या आईबापांच्या मागे गेले, त्यांचं लग्न शोधलं, आजोबा शोधले, वंशावळीत शाईने लिहिलं.

मग दुसऱ्याच कुणासाठी दफनाची वही चाळताना तीच वाडी दिसली. तेच नाव. जानेवारी १८१९. वयाच्या रकान्यात ‘१० महिने’. किती वेळ त्या ओळीकडे पाहत राहिले. सहा महिने ज्याला मी आपला समजत होते ते बाळ पहिला वाढदिवसही न बघता गेलं होतं. आई त्याच वाडीत पुढेही राहिली होती. पुढच्या पानांवर तिची आणखी मुलं आहेत.

तेव्हापासून रीत ठरवली. बाप्तिस्मा जुळला की लगेच त्या पॅरिशच्या दफनाच्या वहीत पुढची किमान दहा वर्षं त्या नावाचं मूल गेलंय का ते पाहायचं. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायचेही, म्हणून धाकटी भावंडंही बघायची. आणि एकाच नावाची सगळी मुलं कागदावर मांडून एकेक वजा करत जायचं. उरेल तोच आपला.

चर्चमध्ये नाही तर चॅपेलमध्ये

आमच्यात वजाबाकी केल्यावर कुणीच उरला नाही. तो मुलगा चर्चच्या वहीत नव्हताच, चॅपेलच्या वहीत होता.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधले बहुसंख्य लोक सरकारी चर्चऐवजी स्वतंत्र पंथांच्या चॅपेलमध्ये जायचे. त्यांतले कॅल्व्हिनपंथी मेथडिस्ट १८११ मध्ये सरकारी चर्चपासून वेगळे झाले. त्याआधीची त्यांची मुलं चर्चच्याच वहीत असतात. बाप्टिस्ट तर बाळांना बाप्तिस्मा देतच नाहीत, म्हणून त्यांच्या जन्माची नोंद वेगळ्या तऱ्हेने शोधावी लागते. आमच्या खोऱ्यात युनिटेरियन पंथ इतका रुजलेला की मेथडिस्टांनी त्या भागाला ‘स्मोतिन दी’, काळा ठिपका, असं नाव ठेवलं होतं. १८३७ नंतर बऱ्याच चॅपेलांनी वह्या सरकारजमा केल्या. त्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ‘आरजी ४’ या क्रमांकाखाली आहेत आणि ऑनलाइनही पाहता येतात.

मात्र १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडले तर सगळ्यांना लग्न पॅरिश चर्चमध्येच लावावं लागे. पुरायलाही बहुतेकदा चर्चचंच आवार. त्यामुळे चॅपेलवाल्यांचे जन्म एकीकडे आणि लग्न-मरण दुसरीकडे, असं चित्र दिसलं तर गोंधळू नका.

पूर्वज इकडे आला असेल तर

खडकी, देवळाली, पुणे कॅम्पात आलेला एखादा वेल्श सैनिक किंवा रेल्वेतला माणूस तुमच्या घराण्यात असेल, तर त्याचा शोध मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींपासून सुरू होतो. १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात ‘एन ३’ या क्रमांकाखाली आहेत आणि त्यांची छायाचित्रं फाइंडमायपास्टवर मिळतात. ब्रिटिश काळात भारतात राहिलेल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट आहे. इथल्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव मिळालं की त्याला घेऊन वेल्सच्या जनगणनेकडे जायचं आणि वरचा क्रम धरायचा.

वाडी सापडली की

१८४० च्या आसपासचे दशमांश-कराचे नकाशे ‘वेल्सची ठिकाणं’ या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. वाडीचं नाव टाकलं की मालक, कूळ, प्रत्येक शेताचं नाव आणि क्षेत्रफळ दिसतं. याच ग्रंथालयाने १८५८ च्या आधीची वेल्श मृत्युपत्रं आणि १९१९ पर्यंतची वेल्श वर्तमानपत्रंही खुली ठेवली आहेत. मृत्युपत्रात मुलाबाळांची, जावयांची नावं एका दमात मिळतात. मी सध्या त्या मृत्युपत्रांतच गुंतले आहे.

आमच्या विणकराच्या वाडीला चार शेतं होती. त्यातल्या एकाचं नाव ‘काय फनॉन’. ‘काय’ म्हणजे शेत, ‘फनॉन’ म्हणजे झरा. गेल्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन तिथे गेलो. घराच्या भिंती कमरेएवढ्याच उरल्यात, पण झऱ्याला पाणी आहे.